इटलीबाईंचा खण

पुणे स्टेशनवर सकाळच्या गाडीत बसले तेव्हा माझ्या पिशवीत दोन साड्या, थालीपिठांचा डबा आणि छापखान्यातून तपासायला आलेली काही पानं होती. मराठीत झालेल्या भाषांतरांचा एक जाडजूड इतिहास निघणार होता आणि परभाषांतल्या कवितेचं प्रकरण माझ्या वाट्याला आलं होतं. प्रकरण लिहून झालं होतं, छपाईचे खिळे जुळवून झाले होते, चुका काढून झाल्या होत्या. फक्त एका ठिकाणी कंसात फुली होती : 'सौ. अंबिका मैंदर्गीकर (जन्म ×)'. ग्रंथाचे संपादक म्हणजे माझे गुरू, ज्यांना आम्ही सगळे नुसतं 'सर' म्हणतो. त्यांना कंसातली फुली खपत नाही. तेवढं एक साल विचारायला मी सोलापूरला निघाले होते. खरं सांगायचं तर चार दिवस सुट्टी होती आणि दोन चादरीही घ्यायच्या होत्या.

या बाईंनी पस्तीसएक वर्षांपूर्वी जुन्या इटालियन कवितांचं एक लहानसं पुस्तक मराठीत काढलं होतं. त्यांच्याबद्दल मी चार ओळी लिहिल्या होत्या : 'यांनी काही इटालियन कवितांची भाषांतरे केली. ती इंग्रजीवरून केलेली असावीत. परिभाषा ओबडधोबड आहे. हौशी प्रयत्न म्हणून नोंद घ्यावी.' पुस्तक मी पाहिलं होतं, म्हणजे ग्रंथालयाच्या कपाटातून काढून परत ठेवलं होतं. मला त्याची खरी ओळख होती ती सरांच्या जुन्या परीक्षणातून. बाईंनी कवितेच्या कडव्याला 'खण' म्हटलं होतं. त्यावर सरांनी लिहिलं होतं, 'बाईंनी कवितेला खण दिला आहे, आता नारळ घातला की ओटी भरली.' हे वाक्य पुण्यात इतकं गाजलं की पुस्तक बाजूलाच राहिलं. मीही ते वर्गात दरवर्षी सांगत आले आणि दरवर्षी मुलं हसत आली.

दौंडला एक शेतकरीण गाठोडं घेऊन चढली आणि माझ्या समोर ऐसपैस बसली. माढ्याला निघाली होती. दुष्काळात दोन वर्षं खडी फोडली, यंदा मात्र ज्वारी लई चांगली आली, हे तिने भीमेचा पूल येण्याआधीच सांगून टाकलं. बाहेर खरंच ज्वारी उभी होती. मधूनमधून मेंढरांचे कळप आणि त्यांच्यामागे खांद्यावर घोंगडी टाकलेली माणसं दिसत होती. पुणेकराला हा मुलुख उघडाबोडका वाटतो. मला तो त्या दिवशी मोकळा वाटला, कारण माझं मन मोकळं होतं.

"कुटं निगाला बाई?" तिने विचारलं.

सोलापूरला, एका बाईंचं जन्मसाल विचारायला, असं मी सांगितलं. तिने आधी माझ्याकडे आणि मग माझ्या पिशवीकडे पाहिलं.

"येवड्यासाटी गाडीभाडं? आन् तिला तरी कुटं ठावं आसंल? मी कवा जलमले म्हून इचारलं तर आय म्हनायची, टोळ आलं हुतं त्या साली." मग पदराची गाठ सोडून तिने माझ्या ओंजळीत बोरं टाकली. "गेलाच हाव तर दुसरंबी काय इचारा की. मानसाला काय नुसतं सालच आसतंय व्हय?"

मी हसले आणि बोरं खाल्ली. माढा आल्यावर ती उतरली, आणि तिचं बोलणंही मी तिथेच सोडून दिलं.

सोलापूर स्टेशनाबाहेर टांगे उभे होते. पुस्तकाच्या पहिल्या पानावर शुक्रवार पेठेचा पत्ता होता, पण घर क्रमांक इतका जुना की पोस्टमननेही हात टेकले असते. म्हणून मी टांगेवाल्या चाचांना नाव सांगितलं, त्या बाई कविता करतात, म्हणजे कवितांची भाषांतरं करतात, वगैरे समजावू लागले. चाचांनी मान हलवली नाही. शेवटी मी 'इटालियन' हा शब्द काढला.

"इटलीवाली बाई बोलो ना," ते म्हणाले, "इत्ता लंबा कायकू बोलते? पूरे पेठेकू मालूम हाय."

टांगा चालू लागला. माझ्या प्रकरणात मी एक शब्द मोठ्या आवडीने वापरला होता, 'विस्मृतप्राय'. टांग्यात बसल्या बसल्या तो मला जरा खुपू लागला. मी घरच्या कोणाला तरी साल विचारायचं धरून निघाले होते; त्या जिवंत आहेत, हे तर पहिल्यांदाच कळत होतं.

बोळ अरुंद होता म्हणून चाचांनी मला तोंडाशीच उतरवलं आणि 'मागांच्या आवाजाकडे जा' म्हणून सांगितलं. एका घरात हातमाग चालू होता. दारात एक म्हातारी सुताच्या कांड्या भरत बसली होती. मला पाहताच तिने हसतमुखाने हात जोडले आणि मराठीत जी उघडउघड शिवी आहे तो शब्द दोनदा उच्चारला. मी जागच्या जागी ताठ झाले. इतक्या प्रेमाने शिवी देणारं माणूस मी पुण्यातही पाहिलं नव्हतं. आतून तिचा मुलगा हात पुसत धावत आला.

"रागावू नका बाई," तो म्हणाला. "आमी तेलुगू लोक. 'रंडि' म्हंजे 'या, यावं'. आईला मराठी येत न्हाई. नवीन मानूस आलं की आमचं असंच होतंय."

माझा चेहरा लाल झाला असणार, कारण म्हातारीने लगेच पाण्याचा तांब्या पुढे केला. मी पाणी प्यायले, आणि इटलीबाईंना मराठी तरी येतं ना, अशी थट्टा केली. ती त्याला थट्टा वाटली नाही. त्यांना चार भाषा येतात, तो म्हणाला. घरी कानडी, बाहेर मराठी, पुस्तकातली इंग्रजी आणि इटलीची. पलीकडच्या एका कारखान्यात इटलीहून जुनं यंत्र आलं होतं, त्याबरोबरचं पुस्तक कोणाला वाचता येईना. बाईंनी आठ दिवस बसून ते मराठीत लिहून दिलं, आणि यंत्र चालू झालं.

"इंग्रजीतनं लिहिलं असेल," मी म्हणाले.

"इंग्रजी असतं तर तिथल्या म्यानेजरनं वाचलं नसतं का?" तो म्हणाला.

छापखान्याची पानं माझ्या काखेतल्या पिशवीत होती आणि त्यात 'असावीत' हा शब्द होता. विणकराने एका वाक्यात जे दाखवलं ते मला इतक्या वर्षांत विचारावंसंही वाटलं नव्हतं. वाईट वाटण्याआधी मला राग आला, आणि तो कोणाचा हे ठरवायच्या आत विणकराने मला इटलीबाईंच्या दाराशी आणून सोडलं.

अंबिकाबाई ठेंगण्या, सडपातळ, इरकली लुगडं नेसलेल्या आणि सत्तरीच्या बऱ्याच पुढे गेलेल्या होत्या. पुण्याहून आले म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं, 'बसा की' म्हणाल्या आणि आत जाऊन चहा ठेवला. यजमान गिरणीच्या रंगखात्यात होते, ते दहा वर्षांमागे वारले. मुलगा मुंबईला. तो उन्हाळ्यात येऊन त्यांना घेऊन जाणार होता, आणि त्याच्या घरी एका ट्रंकेपुरती जागा होती. हे सगळं त्यांनी तक्रार न करता सांगितलं.

इटालियन कसं शिकलात, हे मी विचारलं. त्यांची थोरली मुलगी लहानपणी फार आजारी असे. मिशनच्या दवाखान्यात एक इटालियन नन होती. तिला रोग्यांशी बोलायला मराठी हवं होतं, आणि बाईंना दवाखान्यात नुसतं बसून राहायचा कंटाळा येई. नन फार शिकलेली नव्हती, पण तिच्या आजोबांनी तिच्याकडून ढीगभर कविता पाठ करून घेतल्या होत्या. ती म्हणायची, बाई लिहून घ्यायच्या, आणि मग दोघी एकेका शब्दाशी झटत बसायच्या. सात वर्षं हे चाललं. मुलगी पुढे वाचली नाही. "पण भाषा राहिली," एवढं बोलून त्यांनी कप उचलले.

जेवायला त्यांनी बळेच थांबवलं. कडक भाकरी (पापडासारखी कोरडी, महिनाभर टिकणारी बाजरीची भाकरी), शेंगांची चटणी आणि वर दही. भाकरी कशी मोडायची ते मला जमेना. मी बोटांनी दाबली तर तुकडे त्यांच्या लुगड्यावर उडाले. त्या हसल्या, म्हणाल्या, आधी चुरायची, मग कालवायची, पुण्याच्या घाईनं होत नाही. जेवण झाल्यावर त्यांनी हात धुतले, चष्मा लावला आणि सरळ विषयाला हात घातला.

"पुस्तकात माझ्यावर काय लिहिलंय ते वाचा की."

मी टाळून पाहिलं. अजून काम पुरं व्हायचंय, पानं कच्ची आहेत, असं काहीबाही बोलले. त्या वाट पाहत राहिल्या. शेवटी मी पानं काढली आणि त्या चार ओळी वाचल्या. वर्गात माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो. त्या दोन खोल्यांत तो मलाच ऐकू येईना.

"'असावीत' कशाला?" त्या म्हणाल्या. "एक कार्ड टाकून विचारायचं होतं की."

त्यांनी आवाज चढवला नाही, त्यामुळे मला जास्त लागलं. मग न राहवून मी तेही सांगून टाकलं, की 'खण' आणि नारळाचा तो विनोद मी स्वतः दरवर्षी वर्गात सांगते. सांगून झाल्यावर वाटलं, हे कशाला बोलले. त्यांनी मात्र फक्त विचारलं, की हसल्यावर एखादं पोर 'खण का?' असं विचारतं का. मी नाही म्हटलं. एकदाही नाही.

त्यांनी कपाटातून आपल्या पुस्तकाची एक प्रत काढली. तिची पानं अजून कडेला जोडलेलीच होती. भाजीच्या सुरीने त्यांनी ती एकेक करून फाडली आणि प्रस्तावना माझ्या पुढ्यात ठेवली. दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलं होतं : 'इटालियन भाषेत कडव्यास स्तान्त्सा म्हणतात. त्याच शब्दाचा रोजचा अर्थ खोली. त्यांचा कवी कडवी रचीत नाही, घर बांधतो. आमच्याकडे घर खणांनी मोजतात, म्हणून मी खण हा शब्द योजिला आहे.'

मी ते दोनदा वाचलं. पुण्यातल्या आमच्या घराला आम्हीही पाच खणांचं माजघर म्हणतो. दोन तुळयांमधली जागा म्हणजे खण, हे मला शाळेत जाण्याआधीपासून माहीत आहे. पण बाईमाणसाने खण म्हटल्यावर आम्हा सगळ्यांना चोळीचाच खण दिसला. आणि गंमत अशी, की इंग्रजीवरून भाषांतर करणाऱ्याला हा शब्द सुचूच शकत नाही. इंग्रजीत 'स्टँझा' हा शब्द नुसत्या कडव्याचा, तिथे खोली कुठे आहे? ज्या शब्दावरून आम्ही त्यांना इटालियन येत नाही असं ठरवलं, तोच शब्द त्यांना इटालियन येत असल्याचा पुरावा होता. मघाशी त्या म्हातारीच्या दारात मी अशीच ताठ झाले होते, तिचा शब्द माझ्या भाषेत ऐकून. तिच्या मुलाने लगेच येऊन अर्थ सांगितला होता. यांनी तर अर्थ आधीच छापून ठेवला होता.

"वर बघा," त्या म्हणाल्या आणि आढ्याकडे बोट केलं. "ही मधली तुळई कुठल्या खणाची? ह्या का त्या?"

"दोन्हींची," मी म्हणाले.

"तेच त्यांच्या तीन ओळींचं. मधल्या ओळीचं यमक पुढच्या खणाला जातं. एक तुळई काढली की दोन्ही खण पडतात. मराठीत हे होत नाही म्हणाले लोक. मी केलं."

मग त्यांनी म्हणून दाखवलं. आधी इटालियन, मला अक्षर न कळणारं, पण एकमेकांत हात गुंफल्यासारखं. मग त्यांचं मराठी :

जिना चढता लागली मला धाप,
खाली राहिले सगे, राहिले गाव;
वरून दिवा उतरे आपोआप.

म्हणे, थांब, सांग आधी तुझे नाव.
मी वळलो, तो मागे नाही पायरी,
आणि पुढच्या पायरीचा न ठाव.

गाव आणि नाव. दोन खणांवरची एक तुळई. हे छापील पुस्तकातलं नव्हतं. परीक्षण आल्यावर त्यांनी छापणं थांबवलं होतं, काम थांबवलं नव्हतं. पलंगाखालून त्यांनी शाळेच्या वह्यांचे गठ्ठे ओढून काढले. प्रत्येक वहीत एका पानावर मजकूर, शेजारच्या पानावर टिपा, शब्दाशब्दाचा हिशेब, नननं काय सांगितलं आणि कोशात काय मिळालं ते. मी तासभर बसून वाचलं. मला इटालियन येत नाही, पण मराठी येतं. इतकं नेमकं, बोलकं आणि धीट मराठी माझ्या प्रकरणातल्या अर्ध्या प्रतिष्ठितांना लिहिता आलेलं नाही. हे मी आज ठामपणे म्हणते आणि माझ्या नावावर म्हणते.

"माझी स्तुती लिहू नका," वह्या परत बांधताना त्या म्हणाल्या. "दुसरी ओळ तेवढी खोडा. तुमचं पुस्तक जाडं आहे, लोक ते खरं मानणार. त्यात 'इंग्रजीवरून' राहिलं तर ह्या वह्या कोण उघडणार? मुलगा म्हणेल, एका ट्रंकेत भांडी नेऊ का हे. आणि त्याचं चूक नाही."

मी शब्द दिला. त्यांनी मान हलवली, पण पुस्तकाच्या त्या प्रतीबरोबर वह्यांपैकी पहिल्या तीनच माझ्या हाती दिल्या, बाकीच्या पलंगाखाली सारल्या. मी शब्द पाळते की नाही ते आधी बघणार, असं त्यांनी तोंडाने म्हटलं नाही. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. जन्मसाल विचारलं तेव्हा मात्र त्यांनी ते एका दमात, तिथी-वारासकट सांगितलं.

दुसऱ्या दिवशी चादरी घ्यायचं राहूनच गेलं. सकाळच्या गाडीत खिडकीशी बसून मी त्या चार ओळी खोडल्या आणि नवीन मजकूर लिहायला घेतला. कुर्डुवाडीला चहा आला तो थंड झाला. दौंड येईपर्यंत दोन पानं झाली होती. मला वाटतं, आजवर लिहिलेल्या मजकुरात ती सर्वांत चांगली पानं आहेत. 'थेट इटालियनवरून' हे शब्द मी पहिल्याच ओळीत घातले, आणि 'खण' या शब्दाला अख्खा परिच्छेद दिला.

स्टेशनवरून मी घरी न जाता सरांकडे गेले. सर आता सत्तरीला आले आहेत, पण अजून उभ्याने वाचतात. मी बाईंचं पुस्तक प्रस्तावनेपाशी उघडून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचलं.

"हे मी वाचलं नव्हतं," ते म्हणाले.

"मीही नाही," मी म्हणाले.

बराच वेळ ते वह्या चाळत होते. मधूनच एखादी ओळ पुटपुटत आणि पुढे जात. जिन्याच्या खणांपाशी आले तेव्हा बोटांनी टेबलावर यमकं मोजताना मी त्यांना पाहिलं. उरलेल्या वह्या कुठे आहेत, कोणाच्या ताब्यात आहेत, हे त्यांनी विचारलं. ट्रंकेचं सांगितल्यावर म्हणाले की सोलापूरला ते स्वतः जातील, मुलगा यायच्या आत. मला हायसं वाटलं. खरं म्हणजे मी भांडायच्या तयारीने आले होते आणि भांडण मिळालंच नाही.

मग त्यांनी माझी दोन पानं वाचायला घेतली. एका जागी त्यांचं बोट थांबलं. मी लिहिलं होतं : 'एका समीक्षकाने या शब्दाची थट्टा केली, आणि ती पुढे प्रचलित झाली.' त्यांनी लेखणी उघडली, 'एका समीक्षकाने' वर सरळ रेघ मारली आणि वर आपलं नाव लिहिलं, आडनावासह, सुवाच्य. मला भरून आलं. उदारपणा पाहिला की मला लगेच रडू येतं, आणि रडू आलं की आपणही त्यात सामील आहोत असं वाटतं.

सरांनी पान माझ्याकडे वळवलं. बोट तिथेच होतं, पण आता वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्यावर.

"'प्रचलित झाली'," त्यांनी वाचलं. "कोणी केली?"

गाडीत हे वाक्य मी तीनदा तपासलं होतं. काना-मात्रा, विराम, सगळं बरोबर होतं. सरांनी लेखणी माझ्या हातात दिली. मी 'प्रचलित झाली' खोडलं आणि लिहिलं : 'आणि प्रस्तुत लेखिकेने, पुस्तक न वाचता, ती वीस वर्षे वर्गात सांगितली.'